पहिल्या पेशंटआधी: वॉर्डात अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

विषय कोणता, गाइड कोण, थीसिस आहे की प्रोजेक्ट, हे तुमचं ठरलेलं असेल, त्यात मी पडत नाही. अभ्यासाचा प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर मात्र पुढचं वाचू नका, आधी सरांकडे परत जा. विषय ठरल्यापासून पहिल्या पेशंटच्या दंडाला टूर्निके बांधेपर्यंत काय काय हातात असायला हवं, तेवढंच इथे आहे. मी नागपुरातल्या हॉस्पिटलातली सिस्टर आहे, डॉक्टर नाही. अभ्यासाचे फॉर्म, ट्यूब आणि पेशंटचे फोन माझ्याकडे असतात, त्यामुळे यादीही तिथूनच दिसते तशी आहे.

सँपल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे. पीएसएमच्या, म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागाच्या, स्टॅटिस्टिशियनकडे आधी जा, सगळा डेटा गोळा झाल्यावर एक्सेल घेऊन जाऊ नका, ते चिडतात आणि बरोबरच चिडतात. साध्या प्रमाण मोजणाऱ्या अभ्यासाला 4पीक्यू भागिले डीचा वर्ग हे सूत्र पुरतं. पी म्हणजे अंदाजे टक्के, क्यू म्हणजे 100 वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक. एखादी गोष्ट 20 टक्के लोकांत असेल असा अंदाज आहे आणि 5 टक्के इकडेतिकडे चालणार आहे, तर 4 गुणिले 20 गुणिले 80, भागिले 25, म्हणजे 256. त्यात सुटून जाणाऱ्यांचे दहा-वीस टक्के वाढवा. मग ओपीडीचं रजिस्टर काढून मागच्या वर्षी असे पेशंट खरोखर किती आले ते बोटाने मोजा. ‘खूप येतात’ हे उत्तर नाही.

एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणारी. प्रोटोकॉल (अभ्यासाची लेखी योजना), सगळ्यांचे बायोडेटा, जीसीपीचं (ट्रायल नीट कशी करायची त्या ट्रेनिंगचं) सर्टिफिकेट, एचओडीची सही, बजेट, माहिती भरायचा फॉर्म: ही यादी कमिटीच्या ऑफिसातच मिळते, ती इथे उतरवत नाही. दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. कमिटीची नोंदणी कुठे आहे आणि कधीपर्यंत आहे? नव्या औषधाच्या ट्रायलला केंद्रीय औषध नियंत्रकांकडची, म्हणजे सीडीएससीओची नोंदणी लागते. बाकी संशोधनाला 2019च्या नियमांनुसार आरोग्य संशोधन विभागाकडची. पेपर छापताना हाच प्रश्न येतो आणि तेव्हा धावपळ होते. दुसरं, पुढची बैठक कधी आहे. नागपुरात डिसेंबर धरूच नका. हिवाळी अधिवेशन लागलं की निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या ड्यूटीवर असतात आणि बैठकीचा कोरम जमत नाही.

आता हिंदी संमतीपत्र. याच्यासाठीच ही यादी लिहायला घेतली. मराठी फॉर्म सगळे करतात, इंग्रजी तर असतोच. हिंदी राहतो. काहून राहतो? तर आपण मराठी, हॉस्पिटल महाराष्ट्रात, त्यामुळे डोक्यातच येत नाही. जरा वॉर्डात नजर टाका. शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, राजनांदगावचे पेशंट नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलांत, म्हणजे मेडिकलला, मेयोला, सुपरला, एम्सला येतात, खाजगीतही येतात. लांबचं कशाला, कामठी, मोमिनपुरा, जरीपटक्याचा माणूस घरी कुठली भाषा वाचतो ते विचारा. नागपूरचं हॉस्पिटल फक्त मराठी फॉर्मवर चालत नाही. आमच्या एका अभ्यासात मराठी आणि इंग्रजी फॉर्म मंजूर होते, हिंदीचं नाव मीच अर्जात टाकलं नव्हतं. बालाघाटकडच्या पेशंटना आम्ही तोंडी हिंदीत नीट समजावलं आणि सही मराठी कागदावर घेतली. तपासणीत ते सगळे फॉर्म बाजूला काढले गेले आणि त्या पेशंटची माहिती वापरायची नाही असं लेखी आलं. रक्त काढून झालं होतं, रिपोर्ट फायलीत होते. ज्यांनी विश्वासाने हात पुढे केला त्यांचं रक्त फुकट गेलं, याचं काय करायचं?

तेव्हा हिंदी फॉर्म, आणि तोही पहिल्याच अर्जासोबत. ‘नंतर ॲड करू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नंतर म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक आणि मधल्या महिन्यांत आलेले हिंदी पेशंट सोडून द्यायचे. गूगलमधून काढलेलं भाषांतर नको. एकाने हिंदीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, दोन्ही ताडून पाहायची आणि भाषांतराचं सर्टिफिकेट जोडायचं. मग तो कागद वॉर्डाबाहेर बसलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या आणि काय समजलं ते सांगायला लावा. ‘यादृच्छिक’ वाचून तो तुमच्या तोंडाकडे बघेल. कोणाला कुठलं औषध मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखं ठरेल, असं लिहा.

प्रत्येक फॉर्मच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख, तिन्ही भाषांत एकच. मंजुरीचं पत्र आलं की आनंदाने फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी ते वाचा. पत्रात हिंदी फॉर्मचं नाव, आवृत्ती आणि तारीख आहे का? नसेल तर तो मंजूर नाही, तुम्ही जोडला होता तरी नाही. त्याच दिवशी परत जाऊन पत्र दुरुस्त करून आणा. पुढे प्रोटोकॉलमध्ये काही बदललं, एक ट्यूब रक्त जरी वाढलं, तरी तिन्ही फॉर्म नव्याने मंजूर करून घ्यायचे. इथेही हिंदीच मागे राहतो. आणि मेडिकल चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर तुमची जुनी फाइल पडून असते. तो तीच छापून देतो. नवी आवृत्ती आली की जुने गठ्ठे फाडा, एक कॉपी फायलीत ठेवून.

सही-अंगठ्याचं. वाचता न येणाऱ्या पेशंटसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, तोही समजावायला सुरुवात केल्यापासून शेवटपर्यंत हजर. अंगठा झाल्यावर कॉरिडॉरमधून कोणाला तरी ओढून आणायचं नाही. साक्षीदार अभ्यासाच्या टीममधला नको, म्हणजे मी नको आणि तुमचा ज्युनिअर रेसिडेंटही नको. त्याला फॉर्मची भाषा वाचता यायला हवी, म्हणजे हिंदी फॉर्म असेल तर हिंदी. रात्री असा माणूस मिळत नाही, तर रात्री भरती करू नका, सकाळी करा. सही करता येणाऱ्या पेशंटने तारीख स्वतःच्या हाताने घालायची. सही झालेली एक प्रत त्याला द्यायची, आणि खरंच द्यायची. मुलांच्या अभ्यासात आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वयाला तोंडी होकार आणि 12 ते 18ला लेखी. तो लेखी होकाराचा कागदसुद्धा हिंदीत हवा. हो, तोसुद्धा.

सिकलसेलवर, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजारावर काम करणार असाल, आणि विदर्भात राहून कधी ना कधी कराल, तर गुप्ततेचं वेगळं बघा. मुलगी वाहक आहे एवढं गावात कळलं की सोयरीक मोडते. रिपोर्टचा लिफाफा आत्याच्या हातात द्यायचा नाही, वॉर्डातून नाव मोठ्याने पुकारून ‘सिकलवाले कोण’ विचारायचं नाही. घरी फोन करून निरोप कोणाकडे ठेवायचा, आशाताईंना कळवलं तर चालेल का, हे पेशंटलाच विचारून फॉर्मवर लिहून ठेवा. आणि रक्त शेवटचं कधी चढवलं ती तारीख माहितीच्या फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात घ्या. गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्याचं रक्त चढलेलं असेल तर एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचे) आकडे त्याचे एकट्याचे नसतात. हा रकाना विसरलात तर नंतर जुने केसपेपर शोधत रेकॉर्ड रूममध्ये बसावं लागेल.

सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी रजिस्टरमधली नोंदणी. औषध किंवा उपचार देऊन पाहणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी नोंदणी हवी; 1 एप्रिल 2018पासून मागाहून नोंदणी घेतच नाहीत. फुकट आहे, ऑनलाइन आहे, पण ते शंका विचारतात, उत्तर द्यावं लागतं, पुन्हा विचारतात. ‘सोमवारपासून सुरू’ असं सरांना आधी कबूल करून बसू नका. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाचीही नोंदणी होते, करून ठेवा.

ट्रेनिंग: जीसीपी, आणि पीजी असाल तर बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक ऑनलाइन कोर्स. करून टाका.

साहित्य. बीपीचं मशीन एकच वापरायचं, तपासून घेतलेलं, आणि जाड दंडाला मोठा कफ; छोट्या कफवर बीपी उगाच जास्त येतं. वजनकाटा रोज शून्यावर. सीबीसी, एचपीएलसीला ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारी ट्यूब. शुगरला राखाडी झाकणाचीच ट्यूब, नाहीतर लॅबला पोचेपर्यंत शुगर उतरत जाते, कारण पेशी ट्यूबमध्येही ग्लुकोज खात असतात. नागपूरचा मे महिना विसरू नका. 45 अंशांत सँपल स्कूटरच्या डिकीत घालून एका हॉस्पिटलातून दुसरीकडे नेणारे मी पाहिले आहेत. त्याउलट रक्ताची ट्यूब थेट बर्फाला टेकवली तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. कॅरिअर, आइसपॅक, मध्ये कापड किंवा पुठ्ठा. फ्रीजरमध्ये ठेवायच्या ट्यूबला साधं स्टिकर चिकटत नाही, तिथली लेबलं वेगळी येतात, ती आधीच मागवा. आणि फ्रीजरचा प्लग जनरेटरच्या लाइनवर आहे ना, ते इलेक्ट्रिशियनला विचारू नका, लाइट गेल्यावर स्वतः जाऊन बघा.

फॉलोअप. प्रोटोकॉलमध्ये ‘3 महिन्यांनी पुन्हा तपासणी’ लिहिणं सोपं असतं. तो दिवस कुठे पडतो ते बघा. भंडारा-गोंदियाचा पेशंट जुलैत भाताची रोवणी सोडून येणार नाही. गडचिरोलीकडचा एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याला जातो, त्याच्या आधी मोहफुलं असतात. यवतमाळ-वर्ध्याकडे दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी. पोळ्याला कोणीच येत नाही. तेव्हा ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे पंधरा दिवसांची मुभा प्रोटोकॉलमध्येच लिहून घ्या, म्हणजे उशिरा आलेला पेशंट नियमभंग ठरत नाही. फोन नंबर दोन घ्या, दुसरा शेजाऱ्याचा किंवा भावाचा. रिचार्ज संपला की पहिला बंद. पत्ता घेताना तालुका लिहा, एकाच नावाची गावं भरपूर आहेत. आणि येण्याजाण्याचं भाडं. रोजी बुडवून रेल्वेने येणाऱ्याला तुम्ही फुकटात बोलावताय, ते बरं दिसत नाही. किती देणार ते बजेटमध्ये, कमिटीच्या अर्जात आणि संमतीपत्रात, तिन्ही भाषांतल्या. रक्कम मराठीत एक आणि हिंदीत जुनीच राहिलेली, असंही होतं, म्हणून शेवटची प्रिंट काढण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा.

काही बिघडलं तर. ट्रायलमध्ये गंभीर त्रास झाला, भरती करावं लागलं, मृत्यू झाला, तर 24 तासांत कळवायचं असतं, आणि 24 तासांत रविवारही येतो. नाइटच्या सिस्टरला कोणाला फोन करायचा ते माहीत हवं. नंबर डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली लावा. कोणता पेशंट अभ्यासात आहे ते केसपेपरवर दिसू द्या.

डेटा. एका रकान्यात एकच गोष्ट. वय आणि लिंग एकत्र करून ‘45/पु’ असं लिहू नका. नावं वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डखाली, विश्लेषणाच्या शीटमध्ये फक्त कोड. पेनड्राइव्हवर एकुलती एक कॉपी नको. चुकलेलं खोडायचं तर एक रेघ, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला की तपासणारा पुढची पानंही संशयाने वाचतो. शुक्रवारी बसून आठवड्याचे फॉर्म तपासा, रिकामे रकाने तेव्हाच भरून निघतात.

पहिले पाच पेशंट झाले की थांबा, सगळे कागद तपासा. भाषा, आवृत्ती, सही, तारीख, साक्षीदार. हिंदी पेशंटचा हिंदी फॉर्म आहे ना? मंजूर आवृत्तीचाच? मग पुढचे.

बाकीचं थोडक्यात. वर्ष झालं की कमिटीला प्रगतीचा अहवाल, मंजुरीची मुदत संपायच्या आत. परदेशी कोणी सोबत असेल किंवा सँपल बाहेर जाणार असेल तर परवानग्या वेगळ्या, त्या प्रोटोकॉल लिहितानाच विचारा. लेखक कोण कोण आणि कुठल्या क्रमाने ते सुरुवातीलाच लिहून सह्या घ्या, शेवटी भांडणं होतात. सीटीआरआयवर स्थिती बदला. संपल्याचा अहवाल द्या. कागद साध्या अभ्यासाचे किमान 3 वर्षं, औषध ट्रायलचे 5, लोखंडी कपाटात, जमिनीला टेकवून नाही, नाहीतर वाळवी लागते. रेसिडेंट पास होऊन जायच्या आधी कपाटाची किल्ली मागून घ्या.