खरेदी अधिकारी चिडलेला असताना या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकाला कधी ना कधी फोनवर आवाज चढवणारा खरेदी अधिकारी भेटतोच. अशा वेळी आपण त्याच्या आवाजाला उत्तर देतो आणि मूळ तक्रार बाजूलाच राहते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मी स्वतः ती केली आहे. 500 बुशांपैकी (यंत्रात बसवायच्या पोकळ नळीसारख्या सुट्या भागांपैकी) 40 नाकारल्याचा फोन आला तेव्हा, "तुमच्या माणसांना मोजता येत नाही," असे मी बोलून गेलो आणि पुढे दोन महिने माझे बिल जागचे हलले नाही. अखेर आमचा प्लग गेज, म्हणजे छिद्राचे माप तपासायची दांडी, घेऊन मी त्यांच्या तपासणी विभागात गेलो. या गेजची 'गो' बाजू योग्य मापाच्या छिद्रात शिरायलाच हवी. नाकारलेल्या बुशात आमच्या गेजची 'गो' बाजू सहज शिरली, त्यांच्या गेजची मात्र शिरेना. वापरून झिजून बारीक झालेला गेज आमचाच होता. कोणत्या चलानातले नग, कोणते माप आणि कोणत्या गेजने तपासले, एवढे मी पहिल्याच दिवशी शांतपणे विचारले असते, तर ही गोष्ट तेव्हाच कळली असती.

व्हॉट्सॲप ग्रुपवर खुलासे देऊ नयेत. वरिष्ठांच्या देखत कोणीही माघार घेत नाही. समोरचा गप्प व्हावा म्हणून न जमणारी तारीखही कबूल करू नये.

बोलणे तोंडीच ठेवणे ही तितकीच मोठी चूक आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे मानले जाते. देयकाची मुदत लेखी करारानेही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मात्र हे कलम पहिल्याच फोनवर ऐकवले, तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाण्याची शक्यता असते, म्हणून आधी त्याच संध्याकाळी साधा ईमेल पाठवावा: "आजच्या बोलण्यानुसार चलानातील 40 नग परत घेत आहोत, बदली नग गुरुवारी पोहोचतील, उरलेल्या 460 नगांचे बिल ठरल्या तारखेला मिळावे."