फोर-के टीव्ही घेण्याआधी हॉल मोजा

चतुर्थी जवळ आली की म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव इथल्या दुकानांत टीव्हीची खरेदी वाढते, आणि फुल एचडी पुरे की जास्तीचे पैसे घालून फोर-के घ्यावा, हा प्रश्न घराघरांत चर्चेला येतो. त्याचे उत्तर दुकानात उभे राहून मिळत नाही. तिथे आपण पडद्यापासून तीन-चार फुटांवर असतो, समोर चालू असलेली चित्रफीत मुद्दाम त्या पडद्याचे गुण दाखवण्यासाठी बनवलेली असते आणि टीव्ही झगझगीत दिव्यांखाली उठून दिसावा अशा भडक मोडवर लावलेला असतो. म्हणून खरेदीला निघण्याआधी घरी मोजपट्टी काढावी आणि टीव्हीच्या जागेपासून सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर फुटांत लिहून घ्यावे. सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजू नये, कारण माणूस मागे टेकून बसतो आणि दीड-दोन फुटांचा फरक इथे महत्त्वाचा ठरतो.

या अंतराचे काय करायचे, हे कळण्यासाठी थोडे आकडे पाहावे लागतात. एचडी रेडी पडद्यावर बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, असतात, फुल एचडीवर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २१ लाख, आणि फोर-केवर ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख. पिक्सेल चौपट झाले म्हणून चित्र चौपट स्पष्ट दिसते असे मात्र नाही, कारण डोळ्याची स्वतःची मर्यादा आहे. ६/६ म्हणजे सर्वसाधारण दृष्टीचा डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो; त्याहून बारीक ठिपके एकमेकांत मिसळून जातात. यावरून घरगुती हिशेब मांडता येतो. पडद्याच्या इंचांना ०.१३ ने गुणले की फुटांत जे अंतर येते, त्याच्या पलीकडे बसणाऱ्याला फुल एचडीचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत, आणि जे वेगळे दिसत नाहीत ते आणखी बारीक करून हाती फारसे काही लागत नाही. ४३ इंचांसाठी हे अंतर साडेपाच फुटांच्या किंचित पुढे, ५५ इंचांसाठी सात फुटांच्या थोडे वर आणि ६५ इंचांसाठी साडेआठ फुटांच्या आसपास येते. एचडी रेडी पडद्यासाठी ०.१८ ने गुणावे. ३२ इंचांसाठी उत्तर सहा फुटांच्या जवळ येते.

हाच हिशेब उलटा केला की आपल्या घराचे चित्र स्पष्ट होते. गोव्यातल्या जुन्या कौलारू घरांत हॉल लांबरुंद असतो आणि टीव्हीसमोरच्या खुर्च्या सहज तेरा फुटांवर असू शकतात. तेराला ०.१३ ने भागले तर १०० इंच येतात, म्हणजे अशा खोलीत ५५ किंवा ६५ इंचांचा पडदा फोर-के असला काय आणि फुल एचडी असला काय, सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला नुसत्या रिझोल्यूशनमुळे, म्हणजे पिक्सेलांच्या संख्येमुळे, फरक कळणे अवघड आहे. तिथे पैसे घालायचेच असतील तर आधी पडद्याच्या आकारावर घालावेत. पर्वरी किंवा फातोर्ड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र अंतर आठ फुटांच्या घरात असेल तर मर्यादा ६१ इंचांवर येते. तिथे ६५ इंचांच्या पडद्यावर फोर-केचा फायदा दिसू लागतो, ५५वर तो काठावर असतो आणि ४३वर तो जवळजवळ नसतोच. ही रेघ अगदी पक्की नाही. तरुण, तीक्ष्ण डोळे ६/६पेक्षा चांगले पाहतात आणि त्यांना फरक आणखी थोड्या अंतरावरूनही जाणवतो. उलट दूरचा चष्मा असूनही तो न लावता टीव्ही पाहणाऱ्याला हा फरक त्या रेघेच्या बराच अलीकडेच जाणवेनासा होतो.

ज्यांच्या घरी आधीच फोर-के टीव्ही आहे, त्यांनी हे स्वतः तपासून पाहावे. एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचे ३८४० × २१६० आकाराचे चित्र लॅपटॉपवरून एचडीएमआय केबलने, लॅपटॉपचे रिझोल्यूशन तेवढेच ठेवून आणि स्केलिंग शंभर टक्क्यांवर ठेवून, टीव्हीवर लावावे आणि पडद्याजवळून हळूहळू मागे सरकावे. सुरुवातीला रेघा सुट्या दिसतात, मग त्या थरथरल्यासारख्या वाटतात आणि एका ठिकाणी सगळा पडदा एकसारखा राखाडी होतो. जमिनीवर त्या जागी खूण करावी. ती तुमच्या डोळ्यांची फोर-केची हद्द. तिच्या दुप्पट अंतरावर फुल एचडीची हद्द येते. तुमचा सोफा या दुसऱ्या खुणेच्याही मागे असेल तर प्रश्न मिटला.

यूट्यूबवर एकच चित्रफीत आधी १०८० आणि मग २१६० वर लावून तुलना करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिचा निष्कर्ष काढताना सावध राहावे. २१६० निवडल्यावर पिक्सेलांबरोबर दर सेकंदाला येणारी माहितीही वाढते, त्यामुळे पाण्याच्या लाटा, झाडांची पाने, पावसाची सर अशा सतत हलणाऱ्या भागांतला चौकटीचौकटींचा चिखल कमी होतो. हा सुधार बऱ्याचदा फुल एचडी पडद्यावरसुद्धा दिसतो. त्याचे श्रेय पडद्याला द्यायचे नसते.

इथून पुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि खरेदीच्या वेळी तोच सर्वांत कमी विचारला जातो: टीव्हीला चित्र कुठून मिळते? साध्या एसडी चॅनेलचे चित्र जास्तीत जास्त ७२० × ५७६ पिक्सेलांचे असते. फोर-के पडद्यावर ते पसरवताना एका पिक्सेलच्या माहितीवर टीव्हीला वीस पिक्सेल भरावे लागतात. चांगला प्रोसेसर ते नीटनेटके भरतो, स्वस्त टीव्हीत चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांच्या कडांना सावल्या पडतात. एचडी चॅनेलही फुल एचडीच्याच दर्जाचे असतात. फुटबॉलच्या सामन्यात कॅमेरा वेगाने एका गोलकडून दुसरीकडे वळला की हिरवळीचा जो सपाट हिरवा पट्टा होतो, तो प्रक्षेपणात माहिती दाबल्यामुळे झालेला असतो आणि कोणताही पडदा तो दुरुस्त करू शकत नाही. म्हणून घरात मुख्यतः मराठी मालिका, बातम्या आणि सामने डिश किंवा केबलवरून पाहिले जात असतील, तर आधी सेट-टॉप बॉक्स एचडी आहे का, पॅक एचडी चॅनेलांचा आहे का आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडले आहे का, हे पाहावे. बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये लाल-पांढरी-पिवळी वायर असेल तर ती आजच काढावी, कारण पिवळ्या वायरीतून एसडीपेक्षा चांगले चित्र जातच नाही. एचडीएमआय केबल लावल्याने पडणारा फरक आजोबांनाही बिनचष्म्याने दिसतो.

ओटीटीवर खरे फोर-के चित्र मिळू शकते, पण त्यालाही अटी आहेत. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त प्रीमियम योजनेत मिळते आणि त्यासाठी कंपनी सेकंदाला १५ मेगाबिट किंवा अधिक वेग सुचवते. वेग कमी पडला की अॅप न विचारता रिझोल्यूशन खाली आणते.

पिक्सेलांवरून भांडण्यापेक्षा कॉन्ट्रास्टकडे, म्हणजे काळ्या आणि उजळ भागांतल्या फरकाकडे, लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो आणि तिथे मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहून आपण सुखावून बाहेर पडतो. पण डिजिटल सिनेमाच्या टू-के मानकात चित्र २०४८ × १०८० असते, म्हणजे फुल एचडीहून रुंदीला फक्त १२८ पिक्सेल जास्त, आणि अनेक चित्रपटांच्या प्रती याच दर्जाच्या असतात. अंधारी खोली आणि जपून जुळवलेले रंग तिथे आपले काम करतात. घरी एखाद्या मराठी नाटकाचे चित्रीकरण लावून पाहावे: नटामागचा काळा पडदा खरोखर काळा दिसतो, की राखाडी धुक्यासारखा, मधूनच डागाळलेला दिसतो? शालूच्या जरीवर उजेड चमकतो, की तो नुसता पिवळा भाग वाटतो? पडद्याच्या पॅनेलचे प्रकार असतात: आयपीएस पॅनेलवर काळा रंग फिका पडतो, पण बाजूला बसणाऱ्यालाही रंग नीट दिसतात. व्हीए पॅनेलवर काळा गडद असतो, पण कडेच्या खुर्चीवरून चित्र विटते. ओलेडमध्ये दोन्ही साधते, मात्र किंमत वाढते. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भाग अधिक ठळक दाखवणारे तंत्र, याचा शिक्का पाहून भुलू नये. दहा बिटांचे पॅनेल प्रत्येक मूळ रंगाच्या १०२४ छटा दाखवते, आठ बिटांचे २५६. आणि पडद्याची उजळता २५०-३०० निटांपाशीच (निट हे उजळतेचे एकक) थांबत असेल तर एचडीआरचा झगमगाट तिथे उमटत नाही. आपल्याकडे बल्कांवाचे, म्हणजे घरापुढच्या बसायच्या सोप्याचे, दार दिवसभर उघडे असते. त्या दारासमोर टीव्ही लावला तर पडद्यात अंगणच दिसत राहते, तेव्हा टीव्ही दाराला काटकोनात येईल अशी भिंत निवडावी.

एट-के टीव्हीवर ७६८० × ४३२० पिक्सेल असतात. घरी पाहण्यासारखा मजकूर त्या दर्जात फारच थोडा मिळतो, आणि वरचाच हिशेब लावला तर त्याचा फायदा दिसण्यासाठी ६५ इंचांच्या पडद्यापासून सव्वाचार फुटांच्या आत बसावे लागेल. तो विचार सोडून द्यावा.

टीव्ही घरी आल्यावर तंत्रज्ञ समोर असतानाच तो स्टोअर मोडवरून होम मोडवर आणावा, चित्रासाठी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडावा आणि शार्पनेस जवळजवळ शून्यावर न्यावा, कारण तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते. चित्र कडेला कापणारे ओव्हरस्कॅन बंद करावे. ते चालू असेल तर टीव्ही चित्र थोडे ताणतो आणि पिक्सेलाला पिक्सेल जुळत नाही. फोर-केचे उपकरण जोडायचे असेल तर त्या एचडीएमआय पोर्टसाठीचा विस्तारित सिग्नलचा पर्याय चालू करावा, कारण अनेक टीव्हींत तो बंद ठेवलेला असतो. सिनेमा मोडचे रंग पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, मंद वाटतील. तेवढे दिवस सेटिंग बदलू नये. डोळे रुळल्यावरच उजळता खोलीतल्या उजेडानुसार थोडी वर-खाली करावी.