मंदीत सेल्स टीम सांभाळताय? या चुका टाळा

बाजार बसला की नव्या एरिया मॅनेजरची नजर आधी वळते ती डिस्ट्रिब्युटरच्या गोदामाकडे. दुकानातून माल उठत नसतो, पण कंपनीला प्रायमरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला केलेली विक्री, दाखवायची असते. मग २८ तारखेपासून फोन सुरू होतात: "शेठ, एवढी एक गाडी घ्या, पुढच्या महिन्यात बघून घेऊ." ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

२०१६ साली मी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बिस्किटांचा धंदा बघत होतो. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. नंतर पाऊस चांगला झाला आणि आम्ही सगळे हंगामाच्या आशेवर होतो. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. मोंढ्यात शेतकऱ्याला रोख मिळेना, गावातल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही फुगली, त्याने डिस्ट्रिब्युटरचे पैसे थांबवले. हे सगळं दिसत असूनही टार्गेटसाठी मी एका तालुक्याच्या शेठच्या गळ्यात दोन गाड्या माल मारला.

मार्चअखेर त्यांच्या गोदामात गेलो. पत्र्यापर्यंत खोकी लागलेली, खालच्या थरातली दबून चेपलेली, कोपऱ्यात उंदरांनी फाडलेले पुडे. मुदत संपायला जेमतेम महिना उरलेला, त्यामुळे एकही दुकानदार घ्यायला तयार नव्हता. शेठ रागावले नाहीत. चहा सांगितला आणि खातेवही माझ्यापुढे सरकवली. त्या बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, रोज फिरणारा माझा सेल्समन खाली मान घालून उभा होता. एक्सपायरीचा क्लेम अर्धाच मंजूर झाला, बाकीचं नुकसान शेठनी सोसलं आणि जूनमध्ये एजन्सी सोडली. तो तालुका पुन्हा उभा करायला मला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या २० तारखेला मी गोदामात उभा राहून खोकी मोजतो. रोजची सरासरी सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानांना होणारी विक्री, धरून किती दिवसांचा माल पडून आहे ते काढतो. २१ दिवसांच्या वर असेल तर ऑर्डर घेत नाही, वरून कितीही फोन येवोत. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर मी विसंबत नाही. महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या रात्री खोटी बिलं पंच होतात, हे फील्डवरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरी चूक व्हॉट्सअॅप ग्रुपवरची, आणि तिची मला मनापासून चीड आहे. दर दोन तासांनी आकडे मागायचे आणि संध्याकाळी सगळ्यात मागे राहिलेल्या पोराचं नाव लाल अक्षरांत टाकायचं. पंधरा-अठरा हजारांवर उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावून विक्री वाढत नाही. तो एक तर राजीनामा देतो, नाहीतर खोटी ऑर्डर टाकायला शिकतो. मी मागे पडलेल्या पोराच्या गाडीवर मागे बसून दिवसभर त्याच्या बीटवर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलत नाही. लॉकडाउननंतर असाच एकाबरोबर फिरलो, तर त्याच्या बेचाळीस दुकानांपैकी अकरांची शटरं कायमची खाली आलेली. टार्गेट मात्र बेचाळीसचंच होतं. दोष त्या पोराचा नव्हता, यादी न तपासणाऱ्या माझा होता.

बाकीच्या चुका थोडक्यात. जुनी बाकी आल्याशिवाय नवं बिल फाडू नका. मंदीत बिल टू बिलच चालवा. पोरांचा पेट्रोल भत्ता कापू नका, त्याने आधी लांबची खेडी सुटतात. इन्सेंटिव्ह कमी होणार असेल तर ते १ तारखेला स्वतःच्या तोंडाने सांगा, पगाराच्या दिवशी कळू देऊ नका. आणि आल्या आल्या स्कीम, म्हणजे दुकानदाराला मालावर मिळणारी सूट, वाढवू नका. सहा महिन्यांपूर्वी मॅनेजर झालेली मुलं मला हाच शॉर्टकट विचारतात. वाढवलेली स्कीम पुढे काढून घेतली की दुकानदार माल घेणंच थांबवतो.

त्यापेक्षा दुकानांना माल नेणारी गाडी भरताना स्वतः हजर राहा. हात आखडला की गिऱ्हाईक मोठा पॅक सोडून पाच रुपयांच्या पुड्यावर येतं. तो पुडा दाराशी, हाताला लागेल असा लावा आणि फॅमिली पॅक मागे ढकला.