पहिल्या घरासाठी फ्रिज कसा निवडावा: आधी टेप, मग पातेलं, मग दुकान

कर्वेनगरच्या आमच्या पहिल्या घरात फ्रिज आला तो दसऱ्याला. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, सासूबाईंनी पेढ्यांचा बॉक्स आत ठेवून उद्घाटन केलं. दुसऱ्या दिवशी मंडईतून भाजी आणली, खालचा भाजीचा खण ओढला, तर तो अर्ध्यातच अडला. फ्रिज उजव्या भिंतीला चिकटून उभा होता. दार जेमतेम काटकोनात उघडत होतं आणि खण पूर्ण बाहेर यायला ते त्याहून जास्त उघडावं लागत होतं. फ्रिज दुसरीकडे हलवायला जागा नव्हती, दुसऱ्या भिंतीला प्लग नव्हता. अकरा वर्षं मी तो खण तिरका करून, एका बाजूने उचलून काढला.

फ्रिज चांगला होता. आम्ही दुकानात जायची घाई केली होती. मागच्या महिन्यात माझ्या भाचीला वाघोलीत फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हा आम्ही दोघींनी सगळं उलट्या क्रमाने केलं. तोच क्रम इथे लिहिते.

पहिली पायरी: टेप घेऊन स्वयंपाकघरात जा

जिथे फ्रिज ठेवायचा त्या जागेची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. टाइल्सची पट्टी पुढे आलेली असते, भिंत किंचित कलती असते, आणि एक सेंटीमीटरनेही काम अडतं. सर्वात कमी आलेला आकडा खरा धरायचा. त्यातून हवा खेळायला जागा सोडायची. मागे आणि बाजूला किती हवी ते त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं; मागे चार बोटं तरी सोडा. फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. तिला जायला वाट नसेल तर कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रिज गार करणारी मोटर, जास्त चालतो आणि बिल वाढतं. गॅसच्या ओट्याला लागून किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर जागा असेल तर दुसरा कोपरा शोधा.

मग दार. बिजागरी कोणत्या बाजूला, भिंत कोणत्या बाजूला, हे कागदावर काढा. बहुतेक फ्रिजची बिजागरी उजवीकडे असते. उजवीकडे भिंत असेल तर मध्ये थोडी जागा सोडा. दुकानात गेल्यावर दार काटकोनात धरून भाजीचा खण ओढून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

आता वाट मोजा: लिफ्टचं दार, घराचं दार, पॅसेजचं वळण, स्वयंपाकघराची चौकट. साधारण डबल डोअर फ्रिज ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो, साइड बाय साइड, म्हणजे दोन उभी दारं शेजारी-शेजारी असलेला, ९०च्या आसपास. सदाशिव, नारायण, कसबा पेठेतल्या जुन्या इमारतीत राहत असाल तर जिन्याचं वळण मोजल्याशिवाय पैसे भरू नका. आणि प्लग: तीन पिनांचा, अर्थिंग असलेला, फ्रिजच्या वायरीला थेट पोचणारा. एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज लावायचा नाही.

दुसरी पायरी: लिटर विसरा, पातेलं मोजा

दोघांना २०० ते २५० लिटर, चौघांना ३०० लिटरच्या आसपास, असं सगळे सांगतात. अंदाज म्हणून ठीक आहे. पण आपल्या घरात काय ठेवलं जातं त्यावर खरं ठरतं. भाचीला मी एक काम दिलं: रविवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये काय काय असेल त्याची यादी कर. तिने लिहिलं: दुधाचं पातेलं, सायीचं भांडं, विरजण, भिजवलेली कणीक, इडलीच्या पिठाचा डबा, कोथिंबीर, दोन भाज्या, लिंबं, उरलेली आमटी, पाण्याच्या चार बाटल्या. मांसमच्छी नाही, बर्फ क्वचित. या यादीवरून मोठ्या फ्रीझरची गरज नाही हे आपोआप कळलं. ज्यांच्याकडे दर रविवारी मासे येतात, त्यांची यादी वेगळी निघेल आणि फ्रिजही वेगळाच.

त्यानंतर आम्ही तिचं दुधाचं पातेलं झाकणासकट मोजलं. उंची १७ सेंटीमीटर. इडलीच्या पिठाचा डबा, पीठ फुगून वर येण्याची जागा धरून, २२. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून दुकानात गेलो आणि प्रत्येक फ्रिजच्या कप्प्यांमधलं अंतर मोजलं. एका देखण्या फ्रिजमध्ये पाच कप्पे होते आणि एकातही तो डबा उभा बसत नव्हता. दुसऱ्यात काचेचा कप्पा वर सरकवता येत होता. कप्पे सरकतात का, हा प्रश्न दाराच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. दारातल्या बाटल्यांच्या जागेत तुमची बाटली घेऊन जाऊन ठेवून बघा, तेही चालतं.

तिसरी पायरी: डायरेक्ट कूल की फ्रॉस्ट फ्री

डायरेक्ट कूल म्हणजे बहुतेक एका दाराचे फ्रिज. किंमत कमी, वीज कमी, पंखा नाही. फ्रीझरमध्ये बर्फ साचतो, तो बटण दाबून अधूनमधून वितळवावा लागतो. तो चाकूने खरवडू नका: गॅसच्या नळ्या त्याच भिंतीत असतात, एक भोक पडलं की गॅस जातो आणि दुरुस्ती महागात पडते.

फ्रॉस्ट फ्री म्हणजे बहुतेक डबल डोअर. त्यात पंखा थंड हवा फिरवतो आणि छोटा हीटर ठराविक वेळाने बर्फ वितळवतो. कटकट नाही, गारवा सगळीकडे सारखा. पण फिरत्या हवेने उघडं ठेवलेलं वाळतं. कोथिंबिरीची जुडी, कणकेचा गोळा, चिरलेला कोबी, सगळं डब्यात झाकूनच ठेवावं लागतं.

माझं मत सांगते. दोघंच असाल, फ्रीझर फारसा लागत नसेल आणि घराच्या हप्त्यांनी हात आखडला असेल, तर चांगला एका दाराचा फ्रिज घ्यायला काही कमीपणा नाही. चार-पाच वर्षांत कुटुंब वाढणार असेल तर मात्र पहिल्यापासूनच डबल डोअर घ्या.

चौथी पायरी: लेबल वाचा, तारे मोजून थांबू नका

फ्रिजवर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं स्टार लेबल असतं. ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा छापलेला असतो. दोन फ्रिजची तुलना त्या आकड्यावर करा. समजा एकावर १५० आहे आणि दुसऱ्यावर २३०. वर्षाला ८० युनिटांचा फरक. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ८०० रुपये, दहा वर्षांत ८,०००. कमी वीज खाणारा फ्रिज ४,००० रुपयांनी महाग असेल तर तो घ्यावा, १५,००० रुपयांनी महाग असेल तर सोडावा. तुमचा खरा दर महावितरणच्या बिलावर बघा. जास्त युनिट वापरले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, आणि फ्रिजची वीज त्यातच मोडते.

लेबलवरचं वर्षही बघा. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मॉडेलचे पाच तारे नव्या निकषांत तितके राहतीलच असं नाही.

पाचवी पायरी: तीन प्रश्न विचारा

पहिला, क्लायमेट क्लास कोणता. हे माहितीपत्रकात किंवा फ्रिजच्या माहितीपट्टीवर असतं. इंग्रजी टी हे अक्षर म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी म्हणजे ३८पर्यंत. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरचं बंद घर त्याहून तापतं. टी असलेला घ्या.

दुसरा, कॉम्प्रेसर इन्व्हर्टर आहे का. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे आवाज आणि वीज दोन्ही वाचतात. त्याचा घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी काही संबंध नाही. ‘इन्व्हर्टर फ्रिज आहे, लाइट गेली तरी चालेल’ असं समजून घेणारे मी दोघे-तिघे पाहिलेत. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते त्या भागात राहत असाल तर तेवढा वेळ दार बंद ठेवणं हाच उपाय.

तिसरा, व्होल्टेज किती ते किती चालतं. स्टॅबिलायझर लागणार नाही असं सांगितलं तर तो आकडा लेखी दाखवायला सांगा.

सहावी पायरी: आता दुकान

दोन दुकानांत आणि ऑनलाइन त्याच मॉडेल क्रमांकाचा भाव काढा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी तारे किंवा वर्ष वेगळं असू शकतं. पाडवा, दसरा, दिवाळीला सवलती असतात, पण डिलिव्हरीला गर्दीही तेवढीच. घरात दूध रोज नासत असेल तर मुहूर्तासाठी दोन महिने थांबू नका. बिनव्याजी हप्ता घेत असाल तर प्रोसेसिंग फी धरून एकूण किती भरायचे ते लिहून घ्या. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असते. पूर्ण फ्रिजची एकच वर्ष. गॅस भरणं आणि मजुरी त्यात आहे का, हे विचाराच. तुमच्या भागात कंपनीचा दुरुस्तीवाला येतो का, हे शेजाऱ्यांना विचारलेलं बरं.

सातवी पायरी: फ्रिज घरी आल्यावर

खोकं समोर उघडायला लावा, चारही बाजू आणि दाराचे कोपरे बघा, मगच सही करा. फ्रिजवरचा अनुक्रमांक बिलाशी जुळवा आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा. वाटेत आडवा केला असेल तर उभा ठेवून काही तास थांबा, मग प्लग लावा. दारात दहाची नोट अडकवून ओढा; सहज निसटली तर रबर नीट बसत नाही. ती तक्रार पहिल्याच आठवड्यात करा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आतलं तापमान ३ ते ४ अंश, फ्रीझर उणे १८. गरम आमटी थेट आत ठेवू नका.

आणि मागे खाली पाण्याचा ट्रे असतो, तो कुठे आहे ते बसवणाऱ्याकडून त्याच दिवशी दाखवून घ्या. डेंगीचे डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. भाचीने मोबाइलमध्ये ट्रे रिकामा करायची दर रविवारची आठवण लावली आहे, जूनपासून दिवाळीपर्यंत.