स्पर्धेआधी ट्रिगरची स्प्रिंग: कधी तपासायची, कधी बदलायची

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरची स्प्रिंग किती वर्षं टिकते, असं ज्युनिअर नेमबाजांचे पालक नेहमी विचारतात. वर्षांच्या हिशेबात याचं उत्तर नाही. चांगल्या पोलादाची तार नुसती दाबून पडून राहिली म्हणून फारशी थकत नाही; पुन्हापुन्हा दाबली-सोडली गेली की थकते. त्यामुळे राज्य स्पर्धा किंवा मावळणकर ही अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा जवळ आली की तयारी वहीपासून सुरू करा. मागची स्प्रिंग बसवल्यापासून ट्रिगर एकूण किती वेळा ओढला गेला, हे आधी काढा.

इथे बहुतेक जण पेलेटचे, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांचे, डबे मोजतात आणि तिथेच हिशेब चुकतो. समजा, एखादी मुलगी रोज ६० पेलेट मारते आणि १०० वेळा ड्राय फायर करते, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढते. आठवड्यातले ५ दिवस, वर्षातले ५० आठवडे. पेलेट झाले १५,०००, पण ट्रिगर ओढला गेला ४०,००० वेळा. स्प्रिंगला पेलेट होता की नव्हता याच्याशी देणंघेणं नाही. क्लबचं पिस्तूल असेल तर तेच पिस्तूल सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा मुलगा हाताळतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच वापरलं. म्हणून वही पिस्तुलाच्या पेटीतच हवी, मुलाच्या दप्तरात नको. रोजचा आकडा अंदाजे लिहिला तरी चालेल, पण ड्राय फायर धरून लिहा.

स्पर्धेला दीड-दोन महिने असताना पिस्तूल उघडून बघा. आधी हवेचा सिलिंडर काढा, नळी रिकामी असल्याची खात्री करा आणि ती रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घाला. मग उजेडात, भिंग घेऊन स्प्रिंग पाहा. तार मधल्या वेटोळ्यात क्वचितच तुटते. ती तुटते टोकाला, जिथे हुकासाठी वळवलेली असते, किंवा जिथे कडेला घासून चकाकी आलेली असते. तिथे तपकिरी ठिपका दिसला तर आणखी विचार करू नका, बदला. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डासुद्धा तडा सुरू व्हायला पुरतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात हे फार होतं, कारण घामट हातांनी हाताळलेलं पिस्तूल ओलसर फोमच्या पेटीत बंद करून ठेवलं जातं. नवी सुटी स्प्रिंग जवळ असेल तर दोन्ही सपाट काचेवर शेजारी ठेवा. जुनीची लांबी डोळ्यांना कळण्याइतकी कमी भरली तर ती बसली आहे, म्हणजे दबून कायमची आखूड झाली आहे.

लांबी सारखीच दिसली तर खरी परीक्षा वजनाची. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटर पिस्तुलाचा १,००० ग्रॅमचा; म्हणजे तेवढं वजन टांगून उचललं तरी तो सुटता कामा नये. नळी सरळ वर धरायची, वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवायचं आणि टेबलावरून अलगद उचलायचं. मध्यावर म्हणजे मध्यावरच. वजन पात्याच्या खालच्या टोकाकडे सरकलं की तरफ लांबते, तोच ट्रिगर हलका भरतो, आणि स्प्रिंग चांगली असूनही पिस्तूल नापास होतं. सिलिंडर लावलेला आणि पिस्तूल कॉक केलेलं हवं, पेलेट मात्र नको. एकदाच उचलून थांबू नका, पुन्हापुन्हा उचला. ट्रिगरचं वजन कमीजास्त करणाऱ्या स्क्रूला हात न लावता गेल्या महिन्यात उचललेलं वजन आज उचलत नसेल, किंवा एकदा उचललं आणि पुढच्या वेळी सुटलं, तर स्प्रिंगवर संशय घ्यायला जागा आहे. ट्रिगर पुढे परतताना रेंगाळत असेल, पहिल्या टप्प्याचा शेवट, म्हणजे शॉट सुटण्याआधीचा अडथळा, बोटाला पूर्वीसारखा स्पष्ट लागत नसेल, तरी हेच.

संशय आला म्हणजे लगेच स्प्रिंग दोषी ठरत नाही. सुकून चिकट झालेलं तेल आणि पेलेटच्या शिशाची धूळ अगदी हीच लक्षणं दाखवतात. आधी साफ करा, पुस्तिकेत सांगितलंय तिथेच आणि तेवढंच वंगण लावा, आणि पुन्हा वजन घ्या. लक्षण तसंच राहिलं तर स्प्रिंग बदला. बऱ्याच रेंजवर मात्र या टप्प्याला स्क्रू अर्धा फेरा आवळून काम चालवलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. बसलेल्या स्प्रिंगला स्क्रूने ताण दिला की आज वजन भरतं, पण ती बसतच राहते आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येता. पक्कडीने ताणून लांब करणं त्याहून वाईट: तारेवर पक्कडीचा चरा उमटतो आणि तुटायची जागा ठरून जाते. वेटोळं कापू तर नकाच. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग आणखी कडक होते.

सुटे भाग जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाहून येतात, त्याला आठवडे लागतात. म्हणून पुस्तिकेतल्या आकृतीवरून भाग क्रमांक लिहून घ्या आणि एक नव्हे, दोन मागवा. ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याची, दुसऱ्या टप्प्याची आणि हवेच्या व्हॉल्व्हवर ठोका मारणाऱ्या हॅमरची अशा स्प्रिंग वेगवेगळ्या असतात; दिसायला सारख्या वाटल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. हॅमरची थकली तर ट्रिगरचं वजन कदाचित तेच राहील, पण व्हॉल्व्हवरचा ठोका कमी पडून पेलेटचा वेग बदलेल, आणि तुम्ही ग्रूपिंग, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, का पसरलं म्हणून मुलाच्या हातात दोष शोधत बसाल.

नवी स्प्रिंग स्पर्धेच्या आठवड्यात बसवू नका. निदान महिनाभर आधी बसवा, काहीशे वेळा ओढून तिला रुळू द्या आणि मग वजन लावा. अगदी ५०० वर न ठेवता दहा-पंधरा ग्रॅम वर ठेवलं तर थंड एसी हॉलमध्ये आणि दुसऱ्याच्या हातात वजन तपासलं जातानाही निभावतं. वाचलेले ग्रॅम बोटाला काही फायदा देत नाहीत, पण सामन्यानंतर चिठ्ठी निघून वजन तपासलं आणि तीन प्रयत्नांत उचललं नाही तर खेळाडू बाद होतो, मग स्कोअर कितीही असो.

२५ मीटरच्या .२२ पिस्तुलाचं गणित जरा निराळं. तिथे प्रत्येक फैरीचा धक्का आणि काजळी स्प्रिंगपर्यंत पोहोचते, म्हणून बनवणाऱ्याने पुस्तिकेत फैरींचा आकडा दिला असेल तर तो पाळा आणि थकण्याची वाट बघू नका. रिकाम्या काडतुसाच्या कडेवरची फायरिंग पिनची खूण उथळ दिसू लागली तर ट्रिगरकडे न बघता हॅमर किंवा फायरिंग पिनच्या स्प्रिंगकडे बघा. हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

आदल्या आठवड्यात फार काही उरत नाही. सिलिंडरवरची तारीख बघा, दहा वर्षांपलीकडचा असेल तर तो रेंजवर नेऊच नका. पेटीत सुटी स्प्रिंग तेलाच्या कागदात गुंडाळून, मापाच्या ॲलन की आणि ५०० ग्रॅमचं वजन ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी. शक्य असेल तर क्लबचं दुसरं पिस्तूल आधीच इक्विपमेंट कंट्रोलमधून, म्हणजे स्पर्धेच्या साहित्य तपासणीतून, पास करून घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१च्या जुलैत, मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मधेच बिघाड झाला. तो स्प्रिंगचा नव्हता, पण घड्याळ कुठल्याच बिघाडासाठी थांबत नाही: ७५ मिनिटांत ६० शॉट. तिची पंधराहून जास्त मिनिटं गेली, स्कोअर ५७५ झाला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. इतक्या वरच्या खेळाडूच्या बाबतीत हे घडतं, तर पहिल्यांदा राज्य स्पर्धेला उतरलेल्या मुलाला लाइनवर पिस्तूल उघडायची वेळ येऊ देऊ नये.

स्पर्धेच्या सकाळी फक्त वजन उचलून बघा, स्क्रूला हात लावू नका. काढलेली जुनी स्प्रिंग मात्र त्याच दिवशी फेकून द्या. ती पेटीत राहिली की पुढच्या हंगामात कुणीतरी तिलाच सुटी म्हणून बसवतं.