चियांग माईची तयारी: आधी महिना, मग रविवार, बॅग सगळ्यात शेवटी

उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला पहिल्यांदा गेलो ते मार्चमध्ये, कारण उरलेल्या रजा मार्च एंडच्या आत संपवायच्या होत्या. हॉटेलच्या गच्चीवरून दोय सुथेपचा डोंगर दिसतो असं सांगितलं होतं. चार दिवस राहिलो, डोंगर एकदाही दिसला नाही. सकाळी उठलं की घशात चुलीजवळ बसल्यासारखी खवखव, आणि सूर्य म्हणजे नुसता तांबडा ठिपका. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आसपासच्या डोंगरांत शेतातला पालापाचोळा जाळतात, जंगलांत वणवे लागतात, आणि शहर डोंगरांच्या कुशीत वाटीसारखं बसलेलं असल्यामुळे धूर तिथेच साचून राहतो. त्यामुळे या यादीतली पहिली वस्तू बॅगेत मावणारी नाहीच. ती म्हणजे महिना.

यादी करताना मी आता एकच नियम लावते: तिथे पोचल्यावर जे दुरुस्त करता येणार नाही ते आधी. छत्री, चप्पल, टूथपेस्ट, डोकेदुखीची गोळी, सगळं तिथे मिळतं. महिना मिळत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात उत्तम. त्यातही कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे त्रिपुरारी पौर्णिमेला दिवे लावतात त्याच दिवसांत, तिथे यी पेंग आणि लॉय क्राथोंग हे सण असतात. केळीच्या सोपाचे द्रोण दिवा लावून पिंग नदीत सोडतात आणि आकाशात कागदी कंदील. फोटोत दिसतात ते हजारो कंदील एकदम सोडण्याचे कार्यक्रम बहुतेक शहराबाहेर तिकीट लावून होतात, त्यांचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं. शिवाय कंदिलांमुळे त्या रात्रींची विमानं रद्द होतात किंवा वेळा बदलतात, तेव्हा परतीचं तिकीट त्या संध्याकाळचं काढू नका. एप्रिलमधलं सोंगक्रान, १३ ते १५ तारखेचं, मजेचं असतं, पण पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत हवा. भर रस्त्यात बादलीभर पाणी अंगावर येतं आणि वय कोणी विचारत नाही. सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच, फक्त त्यांची मेषेची.

महिना ठरला की वार बघा. मुक्कामात एक रविवार आलाच पाहिजे. दर रविवारी संध्याकाळी था पे वेशीपासून वात फ्रा सिंग मंदिरापर्यंतचा राच्चादाम्नोएन रस्ता गाड्यांना बंद होतो आणि तिथे बाजार भरतो. शनिवारचा वुआ लाय रस्त्यावर, चांदीकाम करणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत. तोही छान, पण एकच निवडायचा तर रविवारचा. पाचच्या सुमाराला पोचा, सातनंतर गर्दीच आपल्याला ढकलत नेते. बरोबर सहा वाजता राष्ट्रगीत लागतं. आम्ही आंबा आणि चिकट भात घेत होतो. बाईच्या हातातली सुरी आंब्यात अर्धी गेलेली, तशीच थांबली. सगळा रस्ता उभा. गीत संपलं, सुरी खाली आली, बाजार पुन्हा सुरू. हे आधी माहीत नसेल तर माणूस एकटाच चालत राहतो आणि ओशाळतो.

आता कागदपत्रं. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, तिकीट काढायच्या आधी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. १ मे २०२५ पासून तिथे उतरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे. हॉटेलचा पत्ता तयार ठेवा, त्यात विचारतात.

स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच न्यायला हवा, आरटीओतून. त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना तेही बघा. नुसत्या भारतीय लायसन्सवर गाडी देणारे दुकानदार भेटतात, पण पुढच्या चौकात पोलीस भेटतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. आम्ही स्कूटरच्या फंदात पडलो नाही. तिथे लाल रंगाची सोंगथेव चालतात, सोंगथेव म्हणजे दोन ओळी. मागे दोन बाकडी समोरासमोर, अगदी आपल्या वडापसारखी. हात करायचा, खिडकीतून ठिकाण सांगायचं, ड्रायव्हरने मान हलवली तर बसायचं, उतरायचं तिथे छताची घंटी दाबायची, पैसे उतरल्यावर. सुटे बाथ, म्हणजे तिथलं चलन, जवळ हवेत. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाथहून जास्त कापतात, म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा.

शाकाहारी असाल तर तयारीचा खरा वेळ इथे घालवा. माझी आई दुसऱ्या खेपेला बरोबर होती, माळकरी, कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य. ‘भाजीचं आहे’ या शब्दावर तिथे विसंबता येत नाही. भाजी असते, वर नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी असतं, आणि करीच्या वाटणातच कोळंबीची पेस्ट कुटलेली असते, ती मागाहून काढता येत नाही. कच्च्या पपईच्या सोम तामातही सुकी कोळंबी असते. उपाय एकच: ‘जे’ हा शब्द. पिवळी पताका, तिच्यावर लाल अक्षरांत १७ या इंग्रजी आकड्यासारखं दिसणारं चिन्ह, ते ‘जे’चं दुकान. मांस, मासे, अंडं, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनाही हे बरंच सोयीचं. त्या चिन्हाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आईने पहिल्याच ताटात बदकाचे काप बघून ताट सरकवलं होतं. ते सोयाचे निघाले, पण कातडीसकट इतके हुबेहूब की तिने शेवटपर्यंत हात लावला नाही.

दोन-तीन वाक्यं पाठ करा. ‘माय साय नाम प्ला’, माशाचं पाणी घालू नका. यातलं ‘माय’ म्हणजे ‘नाही’. आणि ‘खाय’ म्हणजे अंडं, हे लक्षात ठेवलेलं बरं. नमस्काराला ‘सवात्दी’, मूळ शब्द आपला स्वस्ति. बायकांनी शेवटी ‘खा’ जोडायचं, पुरुषांनी ‘ख्राप’.

खाओ सोय मात्र चुकवू नका. नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा, त्यात मऊ शेवया, वर त्याच शेवया तळून कुरकुरीत, बाजूला लोणचवलेला मोहरीचा पाला, कच्चा छोटा कांदा आणि लिंबाची फोड. नेहमीचा कोंबडीचा किंवा बीफचा असतो. शाकाहारी हॉटेलांत टोफू किंवा मश्रूमचा मिळतो. लिंबू पिळल्याशिवाय चव घेऊन मत बनवू नका.

कपड्यांत खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी रोज हवं, कारण या शहरात मंदिर केव्हा समोर येईल सांगता येत नाही. राजा मांगराय याने १२९६ मध्ये वसवलेलं हे गाव, नावाचा अर्थ ‘नवं शहर’, आणि जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक अजून पाण्याने भरलेला. काढ-घाल सोपी अशी चप्पल न्या, बुटांच्या नाड्या सोडता-बांधता जीव जातो. वात चेदी लुआंग हे मंदिर संध्याकाळी बघा. १५४५ च्या भूकंपात त्याचा माथा कोसळला, आणि तो तुटका विटांचा डोंगर कुठल्याही सोनेरी कळसापेक्षा मला जास्त आवडला. त्याच आवारात नगरस्तंभाचं देऊळ आहे, तिथे बायकांना आत सोडत नाहीत. मी पाटी वाचून थोडी चिडले आणि पुढे गेले. पुढेच भिक्खूंशी गप्पा मारायला बाकं मांडलेली असतात. तिथे बसा, फक्त बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही.

दोय सुथेपवरच्या मंदिराला ३०६ पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना नागाच्या अंगाचे कठडे. गुडघे कुरकुरत असतील तर पैसे देऊन ट्रॉली आहे. वर जाणारा रस्ता १९३५ मध्ये क्रुबा श्रीविचाय या भिक्खूच्या शब्दावर लोकांनी श्रमदानाने केला, पायथ्याशी त्याचा पुतळा आहे. दोय इंथानोन शिखरावर जाणार असाल तर स्वेटर हवाच. २,५६५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा नऊशे मीटर वर, डिसेंबरच्या पहाटे दात वाजतात. आणि ‘पाय’ नावाच्या गावाचा बेत असेल तर आवळा सुपारी किंवा उलटीची गोळी. त्या रस्त्याला ७६२ वळणं आहेत, तिथे टी-शर्टवर छापून विकतात.

हत्तींबद्दल आधीच ठरवा: पाठीवर बसायचं नाही. बसवत नाहीत, नाचवत नाहीत, अशी ठिकाणं मे तेंगच्या बाजूला आहेत. तिथे दिवसभराचं आरक्षण लागतं.

लॅपटॉपची आपली तीन जाड पिनांची वायर तिथे बसत नाही, दोन पिनांचा मोबाइल चार्जर बसतो. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. जुनी बुद्धमूर्ती कितीही आवडली तरी घेऊ नका, बाहेर न्यायला परवाना लागतो.

आणि बॅग भरायच्या आधी टेपने ती आतून मोजून ठेवा. बो सांग गावात तुतीच्या सालीच्या कागदाच्या छत्र्या करतात, समोर बसून फुलं रंगवून देतात. आईने मोर काढून घेतलेली छत्री बॅगेत तिरकीसुद्धा बसली नाही. बँकॉकच्या विमानात, मुंबईच्या विमानात आणि मग पनवेलपर्यंतच्या टॅक्सीत ती तिने मांडीवर आडवी धरली होती.