गोळी लागल्यावर पहिल्या तासात होणाऱ्या चुका

गोळी लागलेला माणूस दवाखान्यात आणला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, गोळी काढली का?" त्यामागची काळजी समजते. पण पहिल्या काही तासांत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून गेल्यानं, आत राहिलेल्या गोळीनं नाही. मग गोळी गावठी कट्ट्यातली असो, वरातीत हवेत झाडलेली असो, की रानडुकरांसाठी शेतावर ठेवलेल्या बंदुकीचे छर्रे असोत.

म्हणून जखमेत बोट किंवा चिमटा घालून गोळी शोधू नका. जखमेत धरलेली रक्ताची गाठ सुटते आणि रक्त पुन्हा उसळतं. हळद, चुना, तंबाखू, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरू नका, ते सगळं नंतर सर्जनला धुऊन काढावं लागतं. "गोळी तापलेली असते, जंतू मरतात" हाही गैरसमज आहे. गोळी आत जाताना कपड्याचे तुकडे आणि माती सोबत नेते. त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जखमेची नीट सफाई लागतेच. बाहेरचं भोक लहान दिसलं म्हणून दोन टाके घालून घरी पाठवणं तर फारच घातक. अशी जखम सहसा आधी उघडीच ठेवतात आणि काही दिवसांनी स्वच्छ दिसली की शिवतात.

रक्त थांबवताना

हात, पाय, जांघ, काख किंवा मान यांतून रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापड जखमेत घट्ट भरा आणि वरून दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबा. किमान दहा मिनिटं. मधेच उचलून "थांबलं का" पाहायचा मोह होतो, तो आवरा. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र कापड कोंबू नका.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त रोखणारी घट्ट पट्टी, बांधा. इथं हमखास सुतळी किंवा चार्जरची वायर वापरली जाते. बारीक दोरीनं कातडी आणि नसा कापतात, आतली रोहिणी मात्र वाहतच राहते. उपरण्याची चार बोटं रुंद पट्टी करा, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर बांधा (गुडघ्यावर किंवा कोपरावर नको), गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि काठी पक्की करा. खूप दुखेल, पण तेवढ्यासाठी सैल करू नका. बांधल्याची वेळ जखमीच्या कपाळावर पेनानं लिहा. ही पट्टी दवाखान्यातच सुटली पाहिजे, आणि शक्यतो दोन तासांच्या आत.

छातीच्या जखमेतून हवा आत-बाहेर होत असेल तर प्लॅस्टिक चिकटवून ती बंद करू नका. फुफ्फुसाभोवती हवा कोंडते आणि श्वास आणखी अडतो. ती उघडी ठेवली तरी चालते. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडानं झाका. आणि एका जखमेवर समाधान मानू नका, पाठ, काख, जांघ हे सगळं बघा.

"एक सलाईन लावून पुढं नेऊ"

ही चूक सर्वांत जास्त जीव घेते असं मला वाटतं, कारण ती चांगल्या हेतूनं होते. गावातल्या दवाखान्यात सलाईनच्या दोन-तीन बाटल्या चढवण्यात वेळ जातो. थंड सलाईननं रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि रक्त गोठणं मंदावतं. जखमीला घोंगडी पांघरा, पाणी-चहा देऊ नका, दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवू नका. 108 ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर जीपनं निघा आणि 108 ची गाडी वाटेत कुठं भेटेल ते फोनवरच ठरवा.

नेताना विचारा, तिथं आत्ता सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे का? मराठवाड्यात मोठ्या जखमांसाठी संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लहान रुग्णालयात थांबावंच लागलं तर डॉक्टरांना ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात दिसलं की जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत ते दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. तीन तासांनंतर ते द्यायचं नाही. सोबत रक्त देऊ शकणारी धडधाकट माणसं न्या.

पोलिसांच्या भीतीनं "पत्रा लागला" असं सांगू नका. किती गोळ्या, कोणती बंदूक, किती अंतरावरून, यावर डॉक्टरांचा अंदाज ठरतो. पोलिसांना कळवायचं काम रुग्णालय करतं. उपचार मात्र त्यासाठी थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलंय. जखमीचे कपडे धुऊ नका. कापावे लागले तर गोळीच्या भोकातून कापू नका, आणि नंतर ते कागदी पिशवीत ठेवा.

आणि गोळीचं काय? सांध्यात, मोठ्या रक्तवाहिनीजवळ किंवा मणक्याच्या पोकळीत असेल तर सहसा काढतात. सांध्यातल्या पाण्यात शिसं विरघळून अंगात भिनतं, म्हणून तिथं ती ठेवत नाहीत. स्नायूत शांत पडलेली गोळी बरेचदा तशीच ठेवतात, कारण ती काढताना होणारी इजा जास्त असते. अशा माणसानं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं आणि पुढं कधीही एमआरआय करायची वेळ आली तर मशीनपाशी जाण्याआधीच अंगात गोळी असल्याचं सांगावं.